अभ्यासपाठ : धर्मसुधारणेच्या काळांतील शास्त्रचित्रें

वाचावयाचे शास्त्रभाग : प्रकटीकरण अध्याय १ ते ३, ११:३-७, १७:१-६, यशया ११:६-९, मत्तय ७:१-५.



शास्त्रांतील गोष्ट शिकवितांना आपण पुष्कळदां चित्राचें साहाय्य घेतों. ज्यांस अक्षरओळख नाहीं अशा वडील माणसांस व लहान मुलांस चित्रावरून गोष्ट लवकर समजते आणि ती दीर्घकाळ स्मरणांत राहते. ह्यास्तव चित्र हा उपदेशकाचा मोठा साहाय्यक आहे ह्यांत संशय नाहीं. परंतु ज्याचें साहाय्य घ्यावयाचें त्याची पारख करणें हेंही आपलें कर्तव्य आहे. चित्र काढणारा मनुष्यच असतो. त्याचा काळ, त्याचा पक्ष, त्याचे मित्र व त्याचे शत्रू हे सर्व त्याच्या रेघांबरोबर कागदावर उतरतात. मग शास्त्रांत जें लिहिलेलें नाहीं तें चित्रांत शिरतें, आणि पाहणारा त्यालाच शास्त्र समजूं लागतो.

हें कसें घडतें ह्याचें फार स्पष्ट उदाहरण सोळाव्या शतकांतील जर्मनींत सांपडतें. तेथें लोकांच्या भाषेंतील नवा करार छापला गेला, आणि त्याच्या चित्रांवरून दोन पक्षांत जो झगडा झाला त्याच्या खुणा त्या पानांवर आजही दिसतात. ह्या पाठांत आपण त्या खुणा पाहूं, आणि त्यांवरून स्वतःसाठीं काय शिकावें ह्याचा विचार करूं.

१. चित्र कसें छापीत

त्या काळीं चित्रें छापण्याच्या दोन मुख्य रीती होत्या. पहिली लांकडी ठशाची. चित्रकार गुळगुळीत फळीवर चित्र काढी. मग कोरणारा कारागीर रेघांच्या भोंवतालचें लांकूड कोरून काढी, म्हणजे रेघा तेवढ्या उंच राहत. कापडावर नक्षी छापणारे जो लांकडी ठसा वापरतात त्याच जातीचा हा ठसा. त्याची उंची अक्षरांच्या खिळ्यांएवढी ठेवीत. त्यामुळें चित्र व मजकूर एकाच वेळीं एकाच कागदावर उमटत. दुसरी रीत तांब्याच्या पत्र्याची. पत्र्यावर पोलादी हत्यारानें रेघा खोदीत, त्यांत शाई भरीत, वरची शाई पुसून टाकीत, आणि ओलसर कागद वर ठेवून पत्रा रुळांमधून दाबून काढीत. ह्या रीतीनें रेघ फार नाजूक येई; परंतु तो पत्रा खिळ्यांबरोबर छापतां येत नसे, म्हणून खर्च अधिक पडे. धर्मसुधारणेच्या आरंभींच्या बायबलांतील चित्रें लांकडी ठशांचीं आहेत; बायबलांत तांब्यावरील खोदकामाचा प्रसार पुढें झाला.

लांकडी ठशासंबंधीं दोन गोष्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. तयार ठशांतील रेघ कापून टाकणें सोपें असतें, पण नवी रेघ घालणें फार अवघड. आणि ठसा ही विकतां येण्याजोगी वस्तु आहे. आज एकाच्या पुस्तकांत छापलेला ठसा उद्यां दुसऱ्याच्या पुस्तकांत छापतां येतो. पुढील सर्व हकीकत ह्या दोन गोष्टींवर अवलंबून आहे.

२. काट्यांचा मुकुट आणि सोन्याचा मुकुट

मार्टिन लूथर ह्यानें १५१७ सालीं क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध आपलीं ९५ विधानें प्रसिद्ध केलीं, आणि १५२१ च्या जानेवारींत पोपनें त्यास मंडळीबाहेर घातलें. त्याच १५२१ सालीं विटेनबर्ग शहरांत एक लहानसें चित्रमय पुस्तक निघालें. त्यांतील २६ चित्रें लूथरचा मित्र, राजदरबारचा चित्रकार लूकास क्रानाख ह्याच्या कारखान्यांतील होतीं. मजकूर जुळविण्याचें काम लूथरचा सहकारी फिलिप मेलांख्थोन व योहान श्वेर्टफेगर ह्या दोघांनीं केलें. चित्रांच्या तेरा जोड्या होत्या. जोडींतील एका पानावर प्रभु येशू ख्रिस्त, आणि समोरच्या पानावर पोप.

एकीकडे प्रभु शिष्यांचे पाय धूत आहे. दुसरीकडे पोप आपल्या पायांचें चुंबन घेववीत आहे. एकीकडे प्रभु मंदिरांतून व्यापाऱ्यांस हांकून देत आहे. दुसरीकडे पोप क्षमापत्रें विकत आहे. एकीकडे काट्यांचा मुकुट, दुसरीकडे सोन्याचा. शेवटच्या जोडींत प्रभु स्वर्गास चढत आहे, आणि पोप नरकांत लोटला जात आहे.

पोपचा मुकुट तिहेरी असे; एकावर एक तीन कडीं असलेला तो उंच मुकुट पाहतांच कोणाही अडाण्यास पोप ओळखूं येई. पोपला तो मुकुट घालण्याचा विधि शेवटचा १९६३ सालीं झाला. त्या काळीं मात्र चित्रांत तीन कडीं काढलीं कीं नांव लिहिण्याची गरजच उरत नसे.

३. सप्टेंबर १५२२ चा नवा करार

१५२१ च्या अखेरीस वार्टबर्गच्या किल्ल्यांत लपून राहिला असतां लूथरनें सुमारें अकरा आठवड्यांत नव्या कराराचें जर्मन भाषांतर केलें. तें १५२२ च्या सप्टेंबरांत विटेनबर्ग येथें छापून निघालें. पहिल्या आवृत्तीच्या सुमारें ३,००० प्रती काढल्या असाव्या असा अंदाज आहे. मुखपृष्ठावर लूथरचें नांव नव्हतें. क्रानाख व त्याचा भागीदार क्रिस्तियान ड्योरिंग हे प्रकाशक होते.

ह्या पुस्तकांत पानभर चित्रें एकाच ग्रंथास दिलीं होतीं : प्रकटीकरणास, आणि तीं एकवीस. शुभवर्तमानांस व पत्रांस चित्रांनीं सजविलेलीं आद्याक्षरें तेवढीं मिळालीं. ह्यांत एक आश्चर्य आहे. लूथरनें त्याच आवृत्तीच्या प्रस्तावनेंत प्रकटीकरणाविषयीं फारसा आदर दाखविला नव्हता; त्यांत ख्रिस्ताचें शिक्षण स्पष्ट दिसत नाहीं असें त्याचें तेव्हां मत होतें. भाषांतरकारास जो ग्रंथ सर्वांत कमी प्रिय, त्यालाच चित्रकारानें सर्वांत अधिक पानें दिलीं! त्याचें कारण उघड आहे. श्वापदें, अजगर, पडणारीं नगरें हीं सर्व ह्याच ग्रंथांत होतीं, आणि पक्षाच्या भांडणास तीं सोयीचीं होतीं.

क्रानाखपुढें नमुना होता तो आल्ब्रेख्ट ड्यूरर ह्या थोर चित्रकाराच्या १५ ठशांचा. ते १४९८ सालचे, म्हणजे लूथरच्या चळवळीच्या पूर्वींचे. ड्यूररनें बाबेल नांवाच्या स्त्रीला व्हेनिस शहरांतील श्रीमंत बाईचा पोशाख दिला होता. क्रानाखच्या चित्रांत त्याच स्त्रीच्या मस्तकावर तिहेरी मुकुट आला. अकराव्या अध्यायांतील दोन साक्षींशीं लढणाऱ्या श्वापदाच्या मस्तकावर तो आला, आणि सोळाव्या अध्यायाच्या चित्रांतही आला.

आतां शास्त्र उघडून पाहावें. अकराव्या अध्यायाच्या सातव्या वचनांत श्वापद अगाधकूपांतून वर येतें एवढेंच सांगितलें आहे; त्याच्या मस्तकाचें वर्णनही तेथें नाहीं. सतराव्या अध्यायांत त्या स्त्रीचीं जांभळीं व किरमिजी वस्त्रें, तिचें सोनें, मोतीं, हातांतील सोन्याचा प्याला आणि कपाळावरील नांव हीं सर्व लिहिलीं आहेत. मुकुटाचा मात्र उल्लेख नाहीं. योहानाच्या लेखणींत तीं तीन कडीं नव्हतीं. तीं कोरणाऱ्याच्या हत्यारांतून आलीं.

४. कापलेला मुकुट

सॅक्सनी देशाचे त्या काळीं दोन भाग होते. एका भागावर लूथरचा आश्रयदाता इलेक्टर फ्रेडरिक राज्य करी. दुसऱ्यावर त्याचा चुलतभाऊ ड्यूक जॉर्ज. हा जॉर्ज जुन्या मंडळीचा निष्ठावंत अनुयायी होता. त्यानें नोव्हेंबर १५२२ मध्यें आपल्या राज्यांत ह्या नव्या करारास मनाई केली, आणि ज्यांनीं प्रती विकत घेतल्या होत्या त्यांनीं त्या सरकारांत आणून द्याव्या, त्यांचे पैसे परत मिळतील, असें फर्मान काढलें. चित्रांबद्दल त्यास विशेष राग आला होता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दुसरी आवृत्ति निघाली. तिच्यांत तिहेरी मुकुट नाहीं. कारागिरानें ठशांतील वरचीं दोन कडीं कापून काढलीं व खालचें एक ठेवलें. त्यामुळें पोपचा मुकुट जाऊन साधा राजमुकुट उरला. ठसा तोच, श्वापद तेंच, स्त्री तीच. मजकुरांतील एकही शब्द त्यासाठीं बदलावा लागला नाहीं, कारण मजकुरांत तो मुकुट कधीं नव्हताच.

पुढें १५२७ सालीं याहूनही विलक्षण गोष्ट घडली. ड्यूक जॉर्जच्या पदरीं हिएरोनिमस एम्सर नांवाचा विद्वान होता. लूथरच्या भाषांतरांत शेंकडों चुका आहेत असें त्यानें पूर्वींच लिहिलें होतें. आतां त्यानें कॅथॉलिक वाचकांसाठीं नवा करार ड्रेस्डेन येथें छापविला. परंतु त्यांतील भाषा पुष्कळ अंशीं लूथरचीच होती. लूथरनें पुढें १५३० सालीं ह्याबद्दल उघड तक्रार केली. आणि प्रकटीकरणाचीं चित्रें? तींही बहुतेक क्रानाखच्याच कारखान्यांतून मिळविलेल्या ठशांचीं. ज्या फळ्या पोपच्या निंदेसाठीं कोरल्या, त्याच फळ्या दोन कडीं गेल्यावर पोपच्या पक्षाच्या नव्या करारांत बसल्या. क्रानाखनें मित्राशीं मैत्री ठेवली आणि विरुद्ध पक्षाशीं व्यापारही केला.

ह्यावरून एक बोध घ्यावा. दोन पक्षांचें शास्त्र एक होतें, भाषा बहुतांशीं एक होती, चित्रेंही एकच होतीं. ज्यावरून घोर वैर माजलें तो भाग लांकडावर बोटभर जागेंत मावत होता.

५. सात मस्तकें

कॅथॉलिक पक्षानेंही हेंच शस्त्र उचललें. एम्सरच्या मागून ड्यूक जॉर्जच्या पदरीं योहानेस कोख्लेयस हा विद्वान आला. त्यानें १५२९ सालीं लाइप्झिग येथें लूथरविरुद्ध एक पुस्तक छापविलें. त्याच्या मुखपृष्ठावर हान्स ब्रोसामर ह्यानें काढलेलें चित्र आहे : एका धडावर लूथरचीं सात मस्तकें. एका मस्तकावर पंडिताची टोपी. एकाच्या भोंवतीं माशा घोंघावत आहेत. आणि शेवटचें मस्तक बरब्बाचें, हातांत सोटा घेतलेलें. तेराव्या अध्यायांतील सात मस्तकांचें श्वापद ज्यास ठाऊक आहे त्यास चित्राचा अर्थ सांगावा लागत नसे.

लगेच लूथरच्या पक्षाकडून उत्तर आलें. एका सुट्या छापील कागदावर सात मस्तकांचें श्वापद निघालें. आतां तीं मस्तकें पोप, कार्डिनल व बिशप ह्यांचीं होतीं. शास्त्रांतील एकच श्वापद, आणि प्रत्येक पक्ष त्यास दुसऱ्याचें तोंड लावीत होता.

१५३४ सालीं लूथरचें संपूर्ण बायबल हान्स लुफ्टच्या छापखान्यांतून निघालें. त्यांत ११७ चित्रें आहेत. चित्रकारानें फक्त एम्. एस्. हीं अक्षरें खूण म्हणून ठेविलीं आहेत. त्या छापखान्यांतील मुद्रितें तपासणारा क्रिस्टोफ वाल्टर ह्यानें पुढें लिहून ठेविलें कीं, कांहीं चित्रें कशीं काढावीं हें लूथरनें स्वतः सांगितलें, आणि मजकुरांत जें आहे तेंच साधेपणानें दाखवावें, निरुपयोगी भर घालूं नये, अशी त्याची ताकीद असे. नियम उत्तम होता. तथापि त्याच बायबलांत प्रकटीकरणाच्या चित्रांत तिहेरी मुकुट परत आला. आपला नियम आपल्या शत्रूच्या बाबतींत पाळणें किती कठीण असतें हें ह्यावरून दिसतें.

इंग्लंडांतही असाच प्रकार झाला. १५३९ सालीं तेथें निघालेल्या मोठ्या बायबलाच्या मुखपृष्ठावर आठवा हेन्री राजा सिंहासनावर बसून आर्चबिशप क्रॅन्मर व मंत्री थॉमस क्रॉम्वेल ह्यांच्या हातीं शास्त्र देत आहे, आणि खालीं प्रजा राजाचा जयजयकार करीत आहे. दोघांजवळ त्यांचीं कुलचिन्हें होतीं. १५४० च्या जुलैंत राजानें क्रॉम्वेलचा शिरच्छेद करविला. त्यानंतरच्या आवृत्त्यांत त्याच्या कुलचिन्हाच्या जागीं कोरें वर्तुळ दिसतें. मनुष्य तसाच उभा आहे, चिन्ह मात्र कोरून काढलें आहे.

६. मूर्ति काढल्या, चित्रें ठेवलीं

येथें कोणी विचारील, धर्मसुधारक तर मूर्तींच्या विरुद्ध होते ना? होय; परंतु त्यांचें एकमत नव्हतें. १५२२ च्या जानेवारींत विटेनबर्गमध्येंच मूर्ति काढाव्या असा ठराव झाला, आणि गोंधळ माजला तेव्हां लूथर मार्चांत परत येऊन शांततेचा उपदेश करूं लागला. झ्यूरिक येथें १५२४ सालीं मंदिरांतील मूर्ति व चित्रें सरकारी हुकुमानें काढलीं. लूथरचें म्हणणें असें कीं, ज्याची पूजा होते तें टाकावें. ज्यानें गोष्ट स्मरते तें ठेवण्यास हरकत नाहीं. कॅल्व्हिनच्या अनुयायांनीं अधिक सावधगिरी घेतली. १५६० च्या जिनीव्हा बायबलांत नकाशे आणि निवासमंडप व मंदिर ह्यांसारख्या वस्तूंच्या आकृत्या आहेत. देवाचें चित्र काढण्याचें त्यांनीं टाळलें.

ह्या काळांतील सर्वच चित्रें निंदेचीं होतीं असेंही समजूं नये. १५२९ च्या सुमारास क्रानाखनें नियमशास्त्र व कृपा ह्या विषयावर चित्र काढलें, आणि त्याचा ठसाही निघाला. मध्यें एक झाड आहे. त्याची एक बाजू वाळलेली, दुसरी हिरवी. वाळलेल्या बाजूस मृत्यु व सैतान पापी मनुष्यास हांकून नेत आहेत. हिरव्या बाजूस बाप्तिस्मा करणारा योहान त्यास वधस्तंभावरील प्रभूकडे बोट दाखवीत आहे. त्या पाप्याच्या मस्तकावर कोणताही मुकुट नाहीं व अंगावर कोणत्याही पक्षाचा पोशाख नाहीं. पाहणारानें तेथें स्वतःलाच पाहावें अशी योजना आहे.

७. एक दाणी आणि चार पशु

१५६६ च्या ऑगस्टांत नेदरलंड्समध्यें लोकांच्या जमावांनीं मंदिरांतील मूर्ति फोडल्या. अँटवर्प शहरांत हा प्रकार २० ऑगस्टच्या रात्रीं झाला. पुढच्या वर्षीं स्पेनच्या राजाचें सैन्य आलें व कठोर शिक्षा सुरू झाल्या. त्याच शहरांत १५६८ पासून क्रिस्तोफ प्लांतँ ह्याच्या छापखान्यांत अनेक भाषांतील एक प्रचंड बायबल आठ खंडांत छापूं लागले. खर्चास स्पेनचा राजा दुसरा फिलिप ह्याचा आश्रय होता, आणि एका खोदचित्रांत त्याच राजाची धर्मनिष्ठा गाइली आहे. परंतु पहिल्या खंडाच्या मुखपृष्ठावर तांब्यावर खोदलेलें चित्र निराळें आहे : बैल, सिंह, लांडगा व कोंकरूं एकाच दाणीजवळ उभे आहेत. यशयाच्या अकराव्या अध्यायांतील हा देखावा. शहरांत रक्त सांडत असतां पानावर ही शांति छापली जात होती.

ह्या बायबलाचा आपल्या देशाशींही संबंध आला. गोव्याहून निघालेले जेसुइट पाद्री १५८० सालीं फत्तेपूर सीक्री येथें अकबर बादशहाच्या दरबारीं पोंचले, आणि त्यांनीं हे खंड त्यास नजर केले. बादशहानें ते आदरानें मस्तकीं धरले. पुढें दरबारच्या चित्रकारांनीं त्यांतील खोदचित्रांवरून आपल्या रीतीनें चित्रें काढलीं. बसावन हा त्यांपैकीं एक. ज्यांस युरोपांतील त्या भांडणाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें त्यांनीं त्या रेघांतील सौंदर्य तेवढें घेतलें.

८. आपणांसाठीं बोध

आतां मुख्य गोष्टीकडे येऊं. क्रानाखच्या एकवीस चित्रांतील पहिलें चित्र पहिल्या अध्यायाचें आहे : सात समयांच्या मध्यें उभा असलेला मनुष्याचा पुत्र. दुसरें चित्र चौथ्या अध्यायांतील स्वर्गीय सिंहासनाचें. मध्यंतरीं दुसरा व तिसरा हे दोन अध्याय आहेत. त्यांस चित्र मिळालें नाहीं. ड्यूररनेंही तेथें चित्र दिलेलें नाहीं.

त्या दोन अध्यायांत काय आहे? तेथें प्रभु आपल्या स्वतःच्या सात मंडळ्यांशीं बोलतो. इफिसच्या मंडळीनें पहिली प्रीति सोडली आहे. सार्दीसची मंडळी नांवाची जिवंत व खरोखर मेलेली आहे. लावदिकीयाची मंडळी कोमट असून स्वतःस श्रीमंत समजते. सातांपैकीं पांच मंडळ्यांस प्रभूनें दोष लाविला आहे. श्वापदाचें दर्शन त्यानंतर पुष्कळ पुढें येतें. ज्यानें आधीं हें पत्र आपल्या नांवें वाचलें नाहीं, त्यास पुढील दर्शनांत शेजाऱ्याचेंच तोंड दिसूं लागतें. सोळाव्या शतकांत दोन्ही पक्षांचें असें झालें. चित्रांनीं युद्धें घडविलीं असें म्हणतां येणार नाहीं. राज्यांचे लोभ व इतर कारणें पुष्कळ होतीं. तथापि ज्यास लहानपणापासून श्वापद म्हणून दाखविलें, त्याच्यावर शस्त्र उचलतांना हात कमी थरथरतो.

तो काळ आतां सरला आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं जर्मनींतील आउग्सबर्ग शहरांत लूथरन मंडळ्यांच्या जागतिक संघानें व रोमन कॅथॉलिक मंडळीनें, मनुष्य कृपेनें नीतिमान् ठरतो ह्या विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. मतभेद सर्व मिटले नाहींत. परंतु एकमेकांस श्वापद म्हणणें मागें पडलें.

तेव्हां उपदेशक बंधूंनो, कोणतेंही शास्त्रचित्र लोकांपुढें धरण्यापूर्वीं तीन गोष्टी कराव्या. प्रथम तो शास्त्रभाग मोठ्यानें वाचावा व चित्र मागून दाखवावें. मग लोकांसच विचारावें कीं, ह्या चित्रांत असें काय आहे जें आपण वाचलेल्या भागांत नाहीं. मुलें हें फार चटकन शोधून काढतात. शेवटीं, चित्रांत जो दुष्ट दाखविला आहे त्याचा पोशाख, रंग, तोंडवळा कोणत्या लोकांसारखा काढला आहे हें पाहावें. परूशी, रोमी शिपाई किंवा यहूदा ह्यांस चित्रकारानें एखाद्या जातीचें वा पंथाचें रूप दिलें असेल, तर तें मजकुरांतून आलेलें नाहीं असें स्पष्ट सांगावें. ज्या मुलास हें एकदां कळलें तें पुढें कोणी रंगवून दिलेला शत्रु सहज स्वीकारणार नाहीं.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. सप्टेंबर १५२२ च्या चित्रांत शास्त्राबाहेरील कोणती वस्तु होती? डिसेंबरांत ती कशी काढली?
२. क्रानाखचे ठसे एम्सरच्या नव्या करारांत कसे चालले?
३. लूथरनें चित्रांसाठीं कोणता नियम घातला, आणि १५३४ च्या बायबलांत तो कोठें मोडला?
४. प्रकटीकरण दुसऱ्या व तिसऱ्या अध्यायांतील सात पत्रांपैकीं कोणतें पत्र आपल्या मंडळीस अधिक लागू पडतें? ह्या प्रश्नाचें उत्तर मोठ्यानें देण्याची सक्ति करूं नये. प्रत्येकानें घरीं जाऊन विचार करावा.